धनुष्कोडीच्या वाळूत अडकलेला एक दिवस

मोहोळहून दादा मला न्यायला आला, त्या दिवशी अव्वांनी पहिल्यांदा रामेश्वरचं नाव काढलं.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरच्या दशकाचा मधला काळ होता. सोलापुरात भवानी पेठेत आमचं सुताचं छोटं दुकान होतं आणि दुकानामागेच दोन खोल्यांचं घर. लग्नानंतर दोन वर्षांत माझे यजमान काविळीनं गेले. त्यानंतरचं वर्ष मी आणि अव्वांनी त्या दोन खोल्यांत एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत काढलं. मग दादा आला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "अव्वा, आता सुशीलेला आमच्याकडं राहू द्या. हितं तिचं काय हाय?"

अव्वांनी कपबशी उचलली. म्हणाल्या, "आमी रामेश्वरला चाललोय. आल्यावर बगू."

मला हे नवीनच होतं. गल्लीतली काही मंडळी रामेश्वरला जाणार आहेत एवढं कानावर होतं, पण आम्ही त्यांत कधी आलो? दादा गेल्यावर मी विचारलं, तर अव्वा म्हणाल्या, "आता आलो की." पुढे आठवडाभरात त्या मंडळींचं जाणं रद्द झालं. अव्वांचं झालं नाही. दोन बायका, पुरुषमाणूस बरोबर नाही, आणि जायचं थेट देशाच्या टोकाला. शेजारपाजारचे समजवायला आले. अव्वांचं एकच उत्तर होतं, "मला कन्नड येतंय. तमिळ म्हंजे कन्नडच की, जरा बिगाडल्यालं."

अव्वांचं माहेर मैंदर्गीचं, त्यामुळे कन्नड त्यांची घरचीच भाषा. माझं माहेर मराठी. मला कन्नड कळायचं ते 'जेवण झालं का' इतपत.

या ब्लॉगवर मी इतक्या ठिकाणांबद्दल लिहिलं, पण रामेश्वरवर लिहा असं वाचकांनी सुचवलं की दर वेळी टाळत आले. टाळायचं कारण म्हणजे त्या प्रवासात नक्की काय घडलं, हे मला अजूनही धड सांगता येत नाही. आज मात्र जमेल तसं सांगते.

तेव्हा सोलापूरहून मद्रास मेल पकडायची, मद्रासला उतरून एग्मोर स्टेशन गाठायचं आणि तिथून मीटर गेजची छोटी गाडी थेट रामेश्वरपर्यंत. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे घेतले होते. लांबच्या प्रवासाला कडक भाकरीसारखं दुसरं काही नाही, हे मी आजही सांगेन. नुसती पाण्यात बुडवली तरी पोट भरतं. एग्मोरला हमालाशी अव्वा कन्नडमधून भांडल्या, तो तमिळमधून भांडला आणि शेवटी आमचं सामान बरोबर डब्यात पोचलं. अव्वा विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बगितलंस?"

पांबनचा पूल आला तेव्हा गाडी इतकी हळू झाली की माणूस शेजारून चालत गेला असता. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, पुलाला कठडा नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते आणि तो माझ्या पायाखाली होता. अव्वांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि डोळे मिटून घेतले. आम्हा लिंगायतांत बायका-पुरुष सगळेच चांदीच्या डबीत लिंग घालून गळ्यात बांधतात. पूल संपला तेव्हा आम्ही बेटावर होतो. बेट म्हणजे काय असतं याची माझी कल्पना शाळेच्या भूगोलातली. इथं नारळ होते, ताड होते, बाभळी होत्या, शेळ्यासुद्धा होत्या. अर्धं मोहोळसारखं दिसत होतं आणि अर्धं कशासारखंच नाही.

देवळाबद्दल लिहीत नाही, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. फक्त एवढंच सांगते, की बावीस तीर्थांची अंघोळ करायची असेल तर अंगावर साधं सुती लुगडं नेसा. एकेका विहिरीवर डोक्यावर बादली ओततात आणि ओल्या अंगानं पुढच्या विहिरीकडे पळायचं असतं. धर्मशाळेतली सोय बरी होती. जेवायला भात, सांबार, पुन्हा भात. भाकरीचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी अव्वांना धनुष्कोडीला जायचं होतं. सेतूपाशी समुद्रात स्नान केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. आता तिथे टोकापर्यंत डांबरी रस्ता गेलाय. तेव्हा रस्ता नव्हता. पूर्वी रेल्वे होती, गाव होतं, पण काही वर्षांपूर्वीच्या वादळानं एका रात्रीत सगळं नेलं होतं. वाळूतून जाणाऱ्या एका जुन्या ट्रकमध्ये यात्रेकरूंना उभं करून नेत. आम्ही पहाटे त्यात चढलो. ड्रायव्हर रामनाथपुरमचा होता आणि त्याला थोडं हिंदी येत होतं. त्याचं हिंदी ऐकून मला माझं हिंदी फार चांगलं वाटायला लागलं.

स्नान झालं. एका बाजूचा समुद्र खवळलेला, दुसऱ्या बाजूचा तळ्यासारखा शांत, आणि मधे वाळूची पट्टी. परत निघालो आणि अर्ध्या वाटेत ट्रकचं मागचं चाक ओल्या वाळूत रुतलं. सगळ्यांनी ढकललं. ते आणखी रुतलं. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "दूसरा गाडी लाता. टाइम लगेगा." बाकीची माणसं त्याच्याबरोबर चालत निघाली. अव्वांचे गुडघे वाळूत चालण्याच्या कामाचे नव्हते. ड्रायव्हरनं दूरवरच्या काही झोपड्यांकडे बोट दाखवलं. "उधर बैठो. अच्छा आदमी लोग."

आम्ही दोघी त्या झोपड्यांकडे निघालो. वाटेत पडकं स्टेशन, चर्चच्या नुसत्या भिंती, वाळूत गाडली गेलेली कुणाकुणाची जोती. ऊन चढत होतं. माझ्या मनात एकच घोळत होतं, ड्रायव्हर परत आलाच नाही तर?

पहिल्याच झोपडीतून अव्वांच्या वयाची एक बाई बाहेर आली. काळीसावळी, कान लोंबेपर्यंत ओघळलेले, अंगावर विटकं लुगडं. आम्हाला बघून तिनं काही विचारलं नाही. "वा, वा," म्हणाली आणि अव्वांचा हात धरून सावलीत घेऊन गेली.

"बा म्हणतीय," अव्वांनी मला समजावलं. "या म्हंजे बा. कन्नडच हाय."

तिचं नाव मुनियम्मा. तिनं आत जाऊन ताटली आणली. ताटलीत तळलेला मासा. अव्वा ताडकन उठून उभ्या राहिल्या. "मीनु ब्याडा! मीनु ब्याडा!" म्हणजे मासा नको. मला वाटलं, आता ही बाई चिडणार. पण मुनियम्मानं अव्वांच्या कपाळावरचा विभूतीचा पट्टा बघितला, जीभ चावली, ताटली आत नेली, हात वाळूनं घासून धुतले आणि नवंकोरं मडकं काढलं. मग आम्हाला हाक मारून समुद्राच्या दिशेनं थोडं चालत गेली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागली. मला कळेना, ही काय शोधतेय. कोपरभर खड्डा झाला आणि त्यात पाणी झिरपलं. करवंटीनं तिनं ते मडक्यात भरलं आणि मला प्यायला दिलं. मी घाबरत घोट घेतला. गोडं पाणी! लाटांचं पाणी हाताच्या अंतरावर आणि हे आपल्या विहिरीच्या पाण्यासारखं.

अव्वांनी दोनदा पिऊन बघितलं. "समुद्राच्या काठाला गोडं पाणी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हे कसं काय बग."

मग मुनियम्मानं त्या पाण्यानं माझे केस धुतले. मी नको म्हणत होते, पण ती माझी मान खाली दाबून खाऱ्या पाण्यानं चिकटलेले केस सोडवत राहिली. सावलीत बसवून तिनं माझी वेणी घातली. वर्षभर मी केसांची नुसती गाठ मारत होते. वेणी घालावी की नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. वेणी घालताना तिचं लक्ष माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे गेलं. तिनं ती बोटानं उचलली आणि अव्वांना काहीतरी विचारलं. तिला ते मंगळसूत्र वाटलं असावं. अव्वांनी नाही म्हणून मान हलवली. "शिवा, शिवा," म्हणाल्या. मग मुनियम्मानं माझ्याकडे बोट करून विचारलं, "मगळा?"

मगळु म्हणजे मुलगी, एवढं कन्नड मला येत होतं. सून म्हणजे सोसी. अव्वा सांगतील, सोसी. पण अव्वा म्हणाल्या, "मगळु."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दुपार तशीच गेली. मुनियम्मानं भात शिजवला, ताडाचा गूळ आणि खोबरं दिलं. आम्ही शेंगाची चटणी काढली. ती चाखून मुनियम्माला जो ठसका लागला, त्यात ती हसत सुटली आणि अव्वाही हसल्या. मी अव्वांना किती दिवसांनी हसताना बघत होते. मग दोघी बोलत बसल्या. एक तमिळमध्ये, एक कन्नडमध्ये. अधूनमधून अव्वा मला अर्थ सांगायच्या. "तिचा मालक लई आदी गेला." थोड्या वेळानं, "एक लेक हुता." मग, "वादळ म्हणतीय." नंतर त्यांनी सांगणंच बंद केलं. दोघींची डोकी जवळ आली होती. मुनियम्मा हातवारे करत होती आणि अव्वा पदरानं डोळे पुसत होत्या. मधेच दोघी माझ्याकडे बघायच्या.

शेजारच्या सावलीत एक माणूस जाळं विणत बसला होता. तिशीतला, धट्टाकट्टा. सकाळी तो तांदळाची पिशवी घेऊन आला होता आणि मुनियम्माच्या झोपडीची झावळं सारखी करत होता. मला तो तिचाच मुलगा वाटला होता. पण अव्वा तर 'एक लेक हुता' म्हणाल्या. हुता म्हणजे आता नाही. मग हा कोण?

तेवढ्यात मुनियम्मानं त्या माणसाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे दाखवलं आणि म्हणाली, "कल्याणम्."

मराठीतलं कल्याण मला माहीत होतं. आशीर्वाद देत असेल, असं समजून मी हात जोडले. मुनियम्मा खुश झाली आणि पुन्हा तेच म्हणाली. त्याच्याकडे बोट, माझ्याकडे बोट, कल्याणम्.

"अव्वा, काय म्हणते ती?"

अव्वा हळूच म्हणाल्या, "कल्याण म्हंजे लगीन."

माझ्या पायाखालची वाळू सरकली, असं नुसतं लिहायला सोपं आहे. खरं म्हणजे डोक्यात नुसते प्रश्न उठले. लग्न? कुणाचं? ह्या माणसाशी माझं? अव्वांनी मुलगी म्हणून सांगितलं ते याचसाठी? मोहोळला पाठवण्यापेक्षा इथंच सोडून जायचं? आज हे लिहिताना मलाच हसू येतं. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, पुढचं मागचं कुणी मला विचारत नव्हतं, आणि ज्या बेटावर कुणाशी एक शब्द बोलता येत नाही तिथे दोन म्हाताऱ्या माझ्याकडे बघून लग्न म्हणत होत्या. मी उठले आणि शांत समुद्राच्या काठाला जाऊन बसले.

थोड्या वेळानं तो माणूस शहाळं घेऊन आला. मी अंग चोरून घेतलं. त्यानं शहाळं माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर वाळूत ठेवलं आणि उलट्या पावली निघून गेला. ते मी प्याले नाही. तहान लागली होती तरी.

अव्वा आल्या. गुडघे धरत वाळूत बसल्या. मी विचारलं, "मला इथं सोडून जाणार आहात?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "खुळी का काय तू?"

"मग लग्नाचं काय बोलत होता?"

"मलाबी नीट कळंना झालंय," अव्वा म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. "अर्धं कळतंय, अर्धं न्हाय. आन जे कळतंय, ते खरं का काय, तेच कळंना."

ऊन कलायला लागलं तेव्हा ड्रायव्हर जीप आणि दोरखंड घेऊन आला. ट्रक निघण्याआधी मी त्याला गाठलं. म्हटलं, ही बाई काय सांगतेय ते एकदा नीट विचारून सांगा. त्यानं मुनियम्माशी बोलून घेतलं. ती बराच वेळ बोलली. ड्रायव्हरनं कपाळावरचा घाम पुसला आणि सुरू केलं.

"ये बोलता, इसका लड़का तूफान में गया। लड़के का औरत था, छोटा, आप माफिक। ये उसको बेटी बनाया। फिर शादी बनाया।" त्यानं जाळं विणणाऱ्या माणसाकडे हात केला. "इसके साथ। वो औरत अभी पांबन में है। तीन बच्चा है।"

म्हणजे तो माणूस मुनियम्माच्या सुनेचा दुसरा नवरा होता. बायकोच्या पहिल्या सासूला तांदूळ द्यायला आणि तिचं छप्पर नीट करायला आला होता.

"ये अम्मा पूछा," ड्रायव्हर अव्वांकडे बघून म्हणाला, "बहू चला गया, तो तुम अकेला कैसा रहता?"

"मग ती काय म्हणाली?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं असावं.

"वो बोला, बहू किधर गया? इधर ही है।"

अव्वांनी पदर तोंडाला लावला. मुनियम्मा माझ्याजवळ आली, माझी वेणी पुढे घेऊन खांद्यावर ठेवली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. ड्रायव्हर गाडी सुरू करायला गेला होता. ते शेवटचं वाक्य काय होतं, हे मला कधीच कळलं नाही.

मी त्या माणसाकडे गेले आणि नमस्कार केला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात सारखं तेच फिरत होतं. दुसरं लग्न आमच्या समाजात अगदीच नवं नव्हतं, पण आमच्या घरात कुणाचं झालेलं नव्हतं. मला ते हवं होतं का? माहीत नाही. मोहोळला वहिनीच्या स्वयंपाकघरात राहायचं होतं का? तेही माहीत नाही. त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत? आणि ड्रायव्हरचं हिंदी तर असलं, की त्यानं मुलीची सून केली होती का सुनेची मुलगी, कोण सांगणार?

वाडीला गाडी बराच वेळ थांबली. अव्वांनी उरलेली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

"तुला मोहोळला जायाचं हाय?"

"माहीत नाही, अव्वा."

"मग काय पायजे तुला?"

हा प्रश्न मला त्याआधी कुणीच विचारला नव्हता. माझ्या तोंडातून निघालं ते लग्नाचंही नव्हतं आणि माहेराचंही. "मला मॅट्रिकच्या पुढं शिकायचं होतं."

"आदी सांगायचं न्हाय व्हय," अव्वा म्हणाल्या आणि भाकरी खायला लागल्या.

सोलापुरात उतरलो, टांग्यानं पेठेत आलो. बायका सेतूवरून आणलेली वाळू आणि प्रसाद न्यायला जमल्या. तिकडे काय बघितलं असं विचारल्यावर अव्वांनी देवळाच्या विहिरी सांगितल्या, पूल सांगितला. मुनियम्माचं नाव काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात दादा आला. अव्वांनी त्याला चहा दिला आणि उभ्यानंच सांगितलं, "सुशीला हितंच ऱ्हाणार. मास्तरीण व्हायच्या कॉलेजात घालायची हाय. आन बरं स्थळ तुमच्या बगण्यात आलं, तर आदी मला दावायचं."

दादानं माझ्याकडे बघितलं. "कसलं स्थळ?"

मी अव्वांकडे बघत होते. रेल्वेत त्यांनी स्थळाचा शब्दही काढला नव्हता. तेव्हा मला आनंद झाला की राग आला की भीती वाटली, आजही सांगता येणार नाही. तिन्ही असावं.

मी शिकले, शाळेत लागले. पुढे काही वर्षांनी स्थळ आलं. शिक्षकच, बायको वारलेली. अव्वांनी त्यांना दुकानात बोलावून तासभर काय काय विचारलं आणि मग मला म्हणाल्या, "मानूस बरा हाय. तुला पटत असंल तर." मला लगेच पटलं नाही. दोन महिने मी हो म्हटलं नाही, आणि त्या दोन महिन्यांत अव्वांनी एकदाही विषय काढला नाही.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. आता सगळं सोपं झालंय. टोकापर्यंत गाडी जाते, सकाळी लवकर निघालं तर ऊन लागत नाही. किनाऱ्यावर कुणी बसा म्हणालं तर बसा. भाषेचं फार मनावर घेऊ नका. मी त्यानंतर तीनदा जाऊन आले. मुनियम्माच्या झोपडीची जागा मला सापडली नाही. वाळू तिथे दर वर्षी जागा बदलते, आणि मी ज्यांना विचारलं त्यांना माझा प्रश्न कळला की नाही, हेही सांगता येत नाही. अव्वांना मी कितीदा विचारलं, तुम्हाला त्या दिवशी खरंच काय कळलं होतं? त्या दर वेळी वेगळं सांगायच्या.

त्या शिक्षकांशी लग्न झाल्यावर पहिल्यांदा अव्वा माझ्या नव्या घरी आल्या, तेव्हा हातात शेंगांची पिशवी घेऊन दारातच थांबल्या. आत यायचं ते कोण म्हणून, हे त्यांनाही कळेना आणि मलाही. आम्ही दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना नुसत्याच उभ्या.

आतून माझ्या नवऱ्यानं विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "अव्वा आल्यात."

"मग त्यांना आत घे की," ते म्हणाले.